गॅरेजमध्ये पावसाचे पाणी : फरशी उकरावी, रसायन लावावे की आणखी काही?

राजेंद्रनगर_इंदूर (२४ जून, रात्री ९.४०)

नमस्कार. आमचे घर इंदूरच्या राजेंद्रनगर भागात असून ते वडिलांनी १९८७ साली बांधले. तळमजल्यावर पुढच्या बाजूस १० फूट रुंद आणि १८ फूट लांब असे गॅरेज आहे. फाटकापासून गॅरेजच्या शटरपर्यंत साधारण १५ फुटांचे सिमेंटचे अंगण आहे. घर बांधले तेव्हा हे अंगण रस्त्याकडे उतरते होते. त्यानंतरच्या वर्षांत रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि आज परिस्थिती अशी आहे की गॅरेजची फरशी रस्त्यापेक्षा ९ इंच खाली गेली असून अंगणाचा उतार आता रस्त्याकडून घराकडे आहे.

कालच्या पहिल्या मोठ्या पावसात, म्हणजे सुमारे इंचभर पाऊस झाला तेव्हा, गॅरेजमध्ये दोन बोटे पाणी साचले. शिवाय मागच्या डाव्या कोपऱ्यात भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून पाणी पाझरते आणि त्या भिंतीला दोन फुटांपर्यंत लोणा लागला आहे. गेल्या वर्षी तिथे आतून जलरोधक रंग दोन हात लावून घेतला होता, परंतु सहा महिन्यांत त्याचे पापुद्रे निघाले. आता एका ठेकेदाराने सर्व फरशी उकरून, खाली रसायन घालून, वर इपॉक्सीचा थर देण्याचे ६८,००० रुपये सांगितले आहेत. खर्च करण्याची तयारी आहे, मात्र एवढे करूनही पाणी येतच राहिले तर काय, ही धास्ती आहे. गाडीचे काही नाही, ती बाहेरही उभी राहील, पण गॅरेजमध्ये वडिलांच्या पुस्तकांच्या चार पेट्या आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घरदुरुस्ती (२४ जून, रात्री १०.१५)

फरशी उकरण्यापूर्वी शटरच्या खालच्या पट्टीला रबर लावून पाहावे. बाजारात शटरसाठी रबराची जाड पट्टी मिळते आणि फरशीवर चिकटवायचा रबरी उंबराही मिळतो. आमच्याकडे त्याने काम भागले. मागच्या कोपऱ्यासाठी चांगल्या कंपनीचे रसायन वापरावे, स्वस्तातले घेऊ नये.

जोते_आणि_पाया (२५ जून, सकाळी ७.०५)

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आपण एका वाक्यात दोन वेगळे आजार सांगितले आहेत. शटरकडून येणारे पाणी हे वाहून येणारे पाणी आहे आणि मागच्या कोपऱ्यातले पाणी हे मुरून येणारे पाणी आहे. दोघांचे कारण वेगळे असेल तर उपायही वेगळाच लागेल, आणि फरशीवर इपॉक्सी चढवणे हा या दोहोंपैकी कोणत्याच दुखण्यावर उपाय नाही. शटरखालून आत आलेले पाणी इपॉक्सीवरही तितकेच साचेल, फक्त चकाकेल जास्त.

ठेकेदाराला होकार देण्यापूर्वी चार गोष्टी पाहून येथे लिहाव्यात. पहिली गोष्ट वेळेची. पाऊस सुरू झाल्यावर शटरपाशी पाणी किती मिनिटांत येते आणि मागच्या कोपऱ्यात किती वेळाने येते, पाऊस थांबल्यावर कोपरा लगेच सुकतो की उलट अधिक ओला होतो, हे घड्याळ लावून टिपावे. दुसरी गोष्ट फरशीची. कोरड्या भागात दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवून किमान १६ तास, शक्यतो पूर्ण एक दिवस ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूस थेंब जमले तर ओल जमिनीतून वर येत आहे आणि वरच्या बाजूस जमले तर ती दमट हवेतील वाफ थंड फरशीवर बसते आहे. कोटा फरशी असेल तर जुलै महिन्यात हे दुसरे दृश्य पुष्कळदा दिसते आणि लोक विनाकारण फरशी उकरून बसतात.

तिसरी गोष्ट पातळ्यांची. पारदर्शक नळीत पाणी भरून रस्ता, फाटक, शटर, गॅरेजची फरशी, घराच्या आतली फरशी आणि रस्त्याकडेच्या नालीचा तळ यांची उंची मोजावी. कोणत्याही गवंड्याकडे ही नळी असते. चौथी गोष्ट, मागच्या कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला काय आहे? माती, फरशी, पाण्याची टाकी, गच्चीचा पाइप, की शेजाऱ्यांची बाग?

माळव्यातली_मी (२५ जून, सकाळी ११.२०)

वरील प्रश्नांना एक पुरवणी जोडते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि मे महिन्यात भिंतीच्या कडेने बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ पायापर्यंत उतरते. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की तोच पाझर कमी होतो आणि आपल्याला वाटते की दुरुस्ती लागू पडली. आमच्या सुदामानगरच्या घरी अशाने दोन वर्षे फसगत झाली, कारण जूनमध्ये गळे, जुलैत थांबे, आणि आम्ही दर वेळी ज्या मिस्त्रीने शेवटचे काम केले त्याला श्रेय देत असू. म्हणून आपल्या घराच्या कडेने भेगा आहेत का, हे आत्ताच पाहून घ्यावे, आणखी आठवडाभराने त्या दिसणार नाहीत.

भेगा असतील तर त्या वाळूने बुजवू नयेत. वाळूतून पाणी अधिक सुखाने खाली जाते.

लष्करकर (२५ जून, दुपारी ४.३०)

ग्वाल्हेरहून लिहीत आहे. आमच्या इथल्या लष्कर भागातल्या जुन्या घराचे दिवाणखान्याचे दारही रस्त्यापेक्षा खाली गेले आहे. आम्ही पावसाळ्यापुरत्या वाळूच्या पिशव्या लावतो. उपाय कुरूप आहे, परंतु चालतो. प्रश्न इतकाच की रोज गाडी काढणाऱ्याला हे जमेल का.

राजेंद्रनगर_इंदूर (२९ जून, रात्री ८.५०)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले असून ते येथे देत आहे.

रस्त्याची कड शून्य धरली तर अंगण फाटकापाशी रस्त्याच्याच पातळीवर आहे आणि शटरपाशी ९ इंच खाली. रस्त्याकडेच्या झाकलेल्या नालीचा तळ रस्त्यापासून १४ इंच खाली आहे. गॅरेजमधून घरात जाण्याचे दार गॅरेजच्या फरशीपेक्षा ६ इंच उंच आहे. मागच्या कोपऱ्याच्या बाहेर अडीच फूट रुंदीची गल्ली असून ती रस्त्यापेक्षा ५ इंच उंच आहे, म्हणजे गॅरेजच्या फरशीपेक्षा १४ इंच. त्याच कोपऱ्यात गच्चीचा पावसाळी पाइप खाली उतरतो आणि जमिनीखालून पुढे नालीकडे जातो.

प्लास्टिकचा कागद २४ तास ठेवला. थेंब वरच्या बाजूस जमले, खालची बाजू कोरडी होती. भिंतीच्या कडेने भेगा आहेत, एका ठिकाणी किल्ली सहज आत गेली.

वेळेचे म्हणाल तर २७ तारखेच्या पावसात शटरपाशी पाचव्या मिनिटाला पाणी आले. मागच्या कोपऱ्यात मात्र तासाभराने ओल दिसली आणि पाऊस थांबल्यावर आणखी तीन तास पाझर वाढतच गेला. हे पाहण्यासाठी मी रात्री दीड वाजेपर्यंत गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलो होतो आणि घरच्यांनी त्याबद्दल जे म्हटले ते येथे लिहीत नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. शटरच्या बरोबर वर बाल्कनी आहे आणि तिच्या पाण्याची चोच अंगणातच पडते.

जोते_आणि_पाया (३० जून, सकाळी ६.५५)

उत्तम नोंदी. फरशीचा प्रश्न मिटला, ती निर्दोष आहे आणि ६८,००० रुपये सध्या बँकेतच राहू द्यावेत.

आता शटरकडचे पाणी. आपण सारा दोष रस्त्याला देत आहात, पण थोडा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपले अंगण १० फूट गुणिले १५ फूट, म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर आहे. त्यावर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ३५० लिटर पाणी जमते आणि उतार घराकडे असल्याने ते सर्व शटरकडे जाते. गॅरेजमध्ये एक इंच उंचीचे पाणी साचण्यास ४२५ लिटर लागतात. बाल्कनीची चोच आणि समोरच्या भिंतीवरून ओघळणारे पाणी धरले तर हा आकडा सहज भरतो. याचा अर्थ असा की रस्त्यावरचा एक थेंबही फाटकातून आत आला नसता, तरी २३ तारखेला आपल्या गॅरेजमध्ये जवळपास तेवढेच पाणी साचले असते.

रस्त्याचे पाणी नंतर येते, ऑगस्टमध्ये नाली तुंबल्यावर, आणि ते येते तेव्हा त्याला माप नसते. म्हणून रस्त्याचे पाणी फाटकावरच अडवावे आणि आतले पाणी शटरसमोर पकडावे. ही दोन कामे आहेत. एकाने दुसऱ्याचे भागत नाही.

घरदुरुस्ती (३० जून, सकाळी १०.००)

मग शटरसमोर आडवी नाली काढून ती रस्त्याकडेच्या नालीला जोडावी. सगळे तेच करतात.

जोते_आणि_पाया (३० जून, सकाळी ११.४०)

सगळे तेच करतात आणि म्हणूनच पुष्कळांच्या गॅरेजमध्ये नालीचे पाणी उलटे येते.

धागाकर्त्यांनी दिलेल्या मापांवरूनच पाहू. शटरसमोरची नाली ६ इंच खोल ठेवली तर तिचा तळ रस्त्यापासून १५ इंच खाली जाईल. तेथून रस्त्यापर्यंत १५ फुटांत शंभरास एक या प्रमाणात उतार द्यायचा तर आणखी दोन इंच हवेत. म्हणजे रस्त्याकडेची नाली किमान १७ इंच खोल असायला हवी, आणि ती आहे १४ इंच. कोरड्या दिवसातही हे पाणी बाहेर जाणार नाही. भर पावसात ती नाली काठोकाठ वाहत असेल तेव्हा आपली जोडणी तिच्यासाठी आत येण्याची वाट ठरेल. एकदिशी झडप बसवली तर उलटे पाणी थांबेल, पण मग आपलेही पाणी आतच अडकेल.

येथे पाणी उचलूनच बाहेर टाकावे लागेल. शटरसमोर ६ इंच रुंद, ६ इंच खोल आडवी नाली, वर बीडाची जाळी, नालीचा उतार एका कडेला, आणि त्या कडेला २ फूट लांब, २ फूट रुंद व अडीच फूट खोल खड्डा. त्यात फ्लोट स्विच (पाणी चढले की पंप आपोआप सुरू करणारे तरंगते बटण) असलेला अर्ध्या अश्वशक्तीचा पाणबुडी पंप. ताशी ५० मिलिमीटर हा मोठाच पाऊस म्हणायचा, पण त्यातही आपल्या १४ चौरस मीटर अंगणातून तासाला ७०० लिटरच पाणी येते आणि चोचीचे पाणी दुसरीकडे वळवावयाचे आहे. एवढे काम लहानसा पंपही करतो. खड्डा आणि नाली मिळून सुमारे ३५० लिटर पाणी मावते, म्हणजे पहिला इंचभर पाऊस वीज गेलेली असतानाही पोटात घेता येईल.

पंपाचा पाइप रस्त्याच्या पातळीपेक्षा हातभर वर नेऊन मग खाली सोडावा, म्हणजे नाली तुंबली तरी पाणी पाइपातून परत येणार नाही. सांडपाण्याच्या ड्रेनेजला तो चुकूनही जोडू नये, कारण पावसाचे पाणी शिरले की ती वाहिनी तुंबते आणि मग न्हाणीघरातून जे वर येते ते पावसाच्या पाण्यापेक्षा वाईट असते. पंपाच्या जोडणीला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच, त्यात काटकसर नको.

दांडियाबाजार (३० जून, रात्री ९.१०)

वडोदऱ्याहून एक सावधगिरीची सूचना. आमच्याकडे ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला होता आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. अशा वेळी खड्डा, पंप, रबर यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही, कारण पाणी टाकायला बाहेर जागाच नसते. तेव्हा गाडी वेळीच उंचावर नेणे एवढेच हातात राहते, आमच्याकडे अनेकांनी गाड्या पुलांवर नेऊन उभ्या केल्या. म्हणून पंपाचे बटण आणि प्लग छातीच्या उंचीवर ठेवावे आणि पुस्तकांच्या पेट्या आजच माडीवर न्याव्यात.

राजेंद्रनगर_इंदूर (३० जून, रात्री ९.४५)

पेट्या नेल्या. इंदूरलाही ऑगस्ट २०२० मध्ये एका दिवसात १० इंचांहून अधिक पाऊस झाला होता, त्या वेळी त्या पलंगावर रचून ठेवाव्या लागल्या होत्या.

एक मूलभूत शंका आहे. गॅरेजच्या फरशीवरच मुरूम आणि काँक्रीट घालून ती रस्त्याच्या पातळीला आणली तर हे सारे प्रकरणच संपणार नाही का? शटर ७ फूट उंच आहे, ९ इंच गेले तरी गाडी आत जाईल.

जोते_आणि_पाया (१ जुलै, सकाळी ७.२०)

जेथे उंची पुरते तेथे हाच खरा उपाय असतो आणि मी तो सर्वांत आधी सुचवला असता. परंतु आपणच लिहिले आहे की घरात जाण्याचे दार गॅरेजपेक्षा केवळ ६ इंच उंच आहे. गॅरेज ९ इंच उचलले तर ते घराच्या फरशीपेक्षा ३ इंच वर जाईल. आज जे पाणी गॅरेजमध्ये थांबते ते उद्या बैठकीच्या खोलीत जाईल. शिवाय भिंतीतील ओल अडवणारा जोत्याचा थर भरावाखाली गाडला जातो आणि भरावातली ओल त्या थराच्या वरच्या विटांना लागते. संपूर्ण घर उचलून घेण्याची तयारी नसेल तर हा विचार सोडावा.

मागच्या कोपऱ्याबद्दल माझा संशय पावसाळी पाइपावर आहे. आपली गच्ची किती आहे, आणि पाइप किती?

राजेंद्रनगर_इंदूर (१ जुलै, सकाळी ८.३०)

गच्ची सुमारे ११०० चौरस फूट आहे. चार इंची दोन पाइप आहेत. उभे पाइप आठ वर्षांपूर्वी बदलून पीव्हीसीचे केले, जमिनीखालचा भाग मात्र मूळचा चिनी मातीचा आहे.

माळव्यातली_मी (१ जुलै, सकाळी ९.१५)

चिनी मातीचा पाइप, काळी माती आणि इतक्या वर्षांचे फुगणे-आक्रसणे. मला तर उत्तर दिसू लागले आहे. ताशी ५० मिलिमीटर पावसात ११०० चौरस फुटांच्या गच्चीवरून तासाला ५,००० लिटर पाणी उतरते, त्यातले निम्मे या एका कोपऱ्यात येत असणार. पाइपाचा जमिनीखालचा वळणाचा तुकडा फुटला असेल तर ते सगळे आपल्या भिंतीच्या पाठीशीच ओतले जात आहे.

पाऊस उघडला की गच्चीवरून फक्त त्या पाइपात वीस-पंचवीस बादल्या पाणी ओतून पाहावे, दुसरा पाइप कोरडा ठेवावा. पाण्यात कपड्यांची निळ घालावी, म्हणजे खात्री पटेल.

जोते_आणि_पाया (१ जुलै, सकाळी १०.०५)

प्रयोग बरोबर आहे. निळीवर मात्र फार विसंबू नये, चिकणमाती रंग धरून ठेवते आणि पलीकडे पाणी बिनरंगी येऊ शकते. येथे घड्याळच साक्षीदार समजावे.

राजेंद्रनगर_इंदूर (५ जुलै, सायंकाळी ७.३०)

तीन दिवस पाऊस उघडला होता, कोपऱ्यातला पाझर थांबलेला होता. आज दुपारी २.१० वाजता त्या पाइपात २५ बादल्या पाणी ओतले. पुढच्या नालीच्या तोंडाशी मुलाला उभे केले होते, तिथे जेमतेम तांब्याभर पाणी पोचले. ३ वाजता गॅरेजच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली आणि ३.२५ पासून धार म्हणता येईल असा पाझर सुरू झाला. निळा रंग आला नाही, अभियंते साहेबांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. मिस्त्रीने संध्याकाळी दोन फूट खणले तेव्हा वळणाचा तुकडा मधोमध दुभंगलेला सापडला आणि त्यात शेजारच्या कढीलिंबाची मुळे शिरलेली होती.

म्हणजे गेली कित्येक वर्षे अर्ध्या गच्चीचे पाणी आम्ही स्वतःच भिंतीत सोडत होतो आणि आतून रंग लावत होतो.

घरदुरुस्ती (५ जुलै, रात्री ८.२०)

मीही रसायनच सुचवले होते, चूक मान्य. पण रंगाचे पापुद्रे का निघाले, हे समजून घ्यायला आवडेल. डब्यावर तर जलरोधक लिहिलेले असते.

जोते_आणि_पाया (५ जुलै, रात्री ९.००)

डब्यावरचे खोटे नाही, पण पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला रंग लावला तरच ते खरे. बाहेरून लावलेल्या थराला पाणी भिंतीवर दाबते, आतून लावलेल्या थराला ते भिंतीपासून ढकलते. शिवाय पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून गेले की त्यांचे स्फटिक रंगाच्या पाठीमागे वाढतात आणि रंग उखडतात. काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करून आतूनच पाणी अडवणारी रसायने आहेत, आणि तळघराच्या काँक्रीट भिंतीत ती चांगली चालतात, परंतु आपली भिंत विटांची आहे.

आता या कोपऱ्याचे काय करावे ते सांगतो. नवीन पाइप पुन्हा जमिनीखाली पुरू नये. गल्ली रस्त्यापेक्षा ५ इंच उंच आहे, त्यामुळे ३० फुटांत ४ इंच उतार देऊन उघडी पन्हळ करता येईल आणि ती थेट नालीवर सोडता येईल. उघडी पन्हळ फुटली तर दिसते, पानांनी तुंबली तर झाडूने साफ होते. गल्लीचा उरलेला भाग काढून तेथे भिंतीपासून बाहेर उतरती फरसबंदी करावी. भिंत आणि फरसबंदी यांच्या सांध्यात सिमेंट भरू नये, काळी माती फरसबंदीला वरखाली करते आणि सिमेंटचा सांधा पहिल्याच वर्षी तडकतो. तेथे लवचिक सीलंट भरावे.

लोणा लागलेला गिलावा तीन फुटांपर्यंत काढून टाकावा आणि वीट उघडी ठेवावी. क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत, पाण्याने धुऊ नयेत, धुतले तर ते विरघळून पुन्हा भिंतीत जातात. नवा गिलावा भिंत सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर.

राजेंद्रनगर_इंदूर (५ जुलै, रात्री ९.३०)

गणपतीत घरी पाहुणे असतात, तोपर्यंत गिलावा होणार नाही का?

जोते_आणि_पाया (५ जुलै, रात्री ९.३५)

नाही. हवे तर पडदा लावावा.

माळव्यातली_मी (६ जुलै, सकाळी ८.४०)

फाटकावरच्या उंचवट्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते, आम्ही तो करून घेतला आहे. तीन इंच उंची पुरते, पण ती दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन फुटांत पसरवावी, नाहीतर उतारावरून वर येताना गाडीचे पोट घासते. उंचवटा संपूर्णपणे आपल्या हद्दीत असावा, रस्त्यावर पुढे आणू नये. आणि फाटक आत उघडत असेल तर ते उंचवट्याला अडेल, हे आमच्या मिस्त्रीला काम झाल्यावर सुचले. फाटक खालून कापून घ्यावे लागले. आधी मोजलेले बरे.

राजेंद्रनगर_इंदूर (१८ ऑगस्ट, रात्री १०.१०)

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे, कारण एका मोठ्या पावसाची वाट पाहत होतो. तो काल झाला.

या दरम्यान पन्हळ झाली, बाल्कनीची चोच पाइपाने गल्लीच्या पन्हळीत वळवली, शटरसमोर नाली आणि खड्डा झाला, फाटकावर तीन इंचांचा उंचवटा झाला आणि फाटक कापले. उंचवट्याची सुरुवात हद्दीच्या आत तीन फुटांवरून केल्याने अंगणातली तेवढी जागा चढात गेली, पण गाडी घासत नाही. गल्लीची फरसबंदी आणि भिंतीचा बाहेरून गिलावा पावसाळ्यानंतर करणार आहे. आतापर्यंतचा सगळा खर्च ठेकेदाराने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडा अधिक झाला.

काल रात्री दोन तासांत रस्त्यावर घोट्याइतके पाणी होते. ते उंचवट्याला लागून उभे राहिले, वर चढले नाही, मात्र एक जीप वेगाने गेली तेव्हा एक लाट आत आली आणि ती नालीने घेतली. पंप अकरा वेळा चालू झाला, हे मी मोजले, आणि या वेळी घरच्यांनीही खुर्ची आणून दिली. मध्ये वीस मिनिटे वीज गेली तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर पंप चालवून पाहिला, तर सुरू होताना तो इतका प्रवाह ओढतो की इन्व्हर्टर बंद पडला. खड्ड्याने तेवढा वेळ निभावून नेला.

मागचा कोपरा कोरडा आहे. फक्त शटरच्या डाव्या खाचेतून, जिथे खाच भिंतीला टेकते, तिथून वाऱ्याबरोबर थोडे पाणी आत आले, वाटीभर असेल.

घरदुरुस्ती (१९ ऑगस्ट, सकाळी ९.००)

आता मात्र माझी रबरी पट्टी उपयोगी पडेल. खालच्या पट्टीला रबर आणि खाचेच्या बाहेरच्या कडेला भिंतीलगत सिलिकॉन भरावे. खाचेच्या आत काही भरू नये, शटर अडकेल.

लष्करकर (१९ ऑगस्ट, दुपारी १२.१५)

धागा वाचून आमच्या दारासमोरही आडवी नाली काढण्याचे ठरवले आहे. एक विचारायचे होते. बीडाच्या जाळीवरून गाडी जाताना आवाज होतो का? आमच्याकडे शेजारी पहाटे पाचला स्कूटर काढतात.

राजेंद्रनगर_इंदूर (१९ ऑगस्ट, दुपारी १.४०)

पहिले चार दिवस होत होता, आणि तो असा की वरच्या मजल्यावरही जाग येई. जाळी ज्या कडेवर टेकते ती कड मिस्त्रीने सपाट केली नव्हती, त्यामुळे एक कोपरा हलत होता. जाळ्या काढून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या. तेव्हापासून आवाज नाही. जाळ्या सिमेंटने पक्क्या करू नका, दर पंधरवड्याला नालीतला गाळ काढावा लागतो आणि आमच्याकडे पहिल्याच पावसात त्यातून तगारीभर निघाला.